टाकांच्या रांगेतले पदक

आमच्या नागपूरच्या घरी, महालातल्या एका अरुंद गल्लीत, देवघरात चांदीचे सात टाक होते. टाक म्हणजे काय हे आता सगळ्यांनाच ठाऊक असेल असे नाही, म्हणून आधी सांगते. चांदीचा बोटभर पत्रा घेऊन त्यावर ठोकून एखादी आकृती उठवतात आणि तो पत्रा देवांबरोबर पूजेत ठेवतात. काही टाक कुलदेवतांचे असतात, काही घरातल्या गेलेल्या माणसांचे. जिवंत माणसाचा टाक कोणी बसवत नाही. या नियमाला अपवाद असलेले एकच घर मला माहीत आहे, आणि मी त्याच घरात वाढले.

सात टाकांच्या उजव्या हाताला, आठव्या जागी, एक गोल पदक ठेवलेले असे. तेही चांदीचे होते. त्यावर एका बाजूने दिसणारा राजाचा चेहरा होता. वरच्या कडीत पूर्वी कधीतरी फीत असावी, ती मी पाहिलेली नाही. माझी मामी रोज सकाळी सात टाकांना स्नान घाली तसेच पदकालाही घाली, त्यालाही गंध लावी आणि त्याच्यापुढेही एक फूल ठेवी. ते पदक लढाईत माझ्या आईला मिळालेले होते, असे घरातले आणि गल्लीतले सगळे मानत. आणि आई तेव्हा त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, प्रसूतिगृहातल्या नोकरीवर जाण्यापूर्वी, उभ्या उभ्या चहा पीत असे.

चहा संपला की ती देवघरापुढे येई, हात जोडी आणि थोडी खाली वाके. तिची नजर आठव्या जागेवर असे. मी सात वर्षांची असताना तिला विचारले होते की ती स्वतःलाच नमस्कार करते का. तिने माझ्या वेण्या घट्ट ओढून बांधल्या आणि एवढेच सांगितले की नमस्कार कोणाला करतो हे आपण ठरवायचे नसते, तो पोहोचतो.

हे असे कसे झाले होते, ते मला मामीकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. मी ते क्रमाने मांडते.

माझी आई लहानपणीच विधवा झाली. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामाजी, लाकडाच्या टालीवर देखरेखीचे काम करीत. लोकांचे बोलणे सोसून त्यांनी तिला नर्सचे शिक्षण दिले. लढाई सुरू झाली तेव्हा ती रंगूनच्या एका इस्पितळात होती. शहर पडायला आले, इस्पितळ उत्तरेकडे हलले, आणि त्यानंतर तिच्याकडून एकही पत्र आले नाही. बऱ्याच आठवड्यांनी तार आली. ती इंग्रजीत होती. टालीवरच्या एका बाबूने ती वाचली आणि मान खाली घातली. मामाजींनी एकच प्रश्न केला, गेली का. बाबूने होय म्हटले. त्या मुलखात आमच्या घरचे एकच माणूस होते, तेव्हा नाव विचारण्याचे कोणालाही सुचले नाही.

देह मिळणार नव्हता. अशा वेळी पळसविधी करतात. पळसाची तीनशे साठ पाने देठांसकट मोजून माणसाची आकृती रचतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्या आकृतीला अग्नी देतात. पाने मामीच्या माहेराहून, कुहीकडून, बैलगाडीने आणली गेली. वैनगंगेच्या काठी मामाजींनी आपल्या बहिणीला अशा रीतीने जाळले. जाळण्यापूर्वी त्यांनी ती तार घडी घालून आकृतीच्या छातीवर ठेवली, कारण बहिणीच्या नावाने घरात आलेली ती शेवटची वस्तू होती.

चार महिन्यांनी आई परत आली.

मामी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. ऊन चांगले वर आले होते. दारात एक बाई उभी दिसली. डोक्यावरचे केस कापलेले, अंगात शिपायाचा खाकी सदरा, त्याखाली चिंधी झालेले लुगडे. मामी ओरडली नाही. तिने गडू भरला, तो उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली, कारण पितरांना पाणी असेच देतात, त्यांच्याकडे पाहत नाहीत. पाणी पिण्याचा आवाज आला. तेव्हा मामीने हळूच वळून पावले सरळ आहेत की उलटी ते पाहिले. "पण त्या पायांले येवढ्या चिंध्या गुंडाळल्या होत्या वं, सरळ का उलटे, काही समजेच ना," हे मामी प्रत्येक वेळी सांगे, आणि प्रत्येक वेळी शेवटी हसे. मी मात्र त्या हसण्यात कधी सामील होऊ शकले नाही.

ज्याचे क्रियाकर्म झाले तो जिवंत परतला, तर त्याचा पुन्हा जन्म करावा लागतो. त्याला तुपाच्या भांड्यात बसवतात, लेकरासारखे बाहेर काढतात, न्हाऊ घालतात, त्याचे बारसे करतात. भटजींनी हे सांगितले आणि मामाजी लढाईच्या टंचाईत तूप शोधायला निघाले. आईने त्यांना अडवले. ती म्हणाली, "दादा, मी एवढी चालत आले ती पुन्हा रांगायला नाही." सगळ्यांनी ते तिच्या स्वभावातले हट्टाचे बोलणे मानले. विधी झाला नाही. अशा प्रकारे माझी आई जिवंत राहिली, पण घराच्या हिशेबी मेलेल्यांत राहिली.

पुढचे सगळे यातूनच आले. श्राद्ध एकदा सुरू केले की ते सोडता येत नाही, म्हणून मामाजी दरवर्षी पितृपक्षात तिच्या तिथीला तिच्या नावाचे पान मांडू लागले. पण कावळा त्या पानाला शिवेना. मग लढाई संपल्यावर टपालाने एक छोटी पेटी आली. आईनेच सही करून ती घेतली आणि मामीच्या हाती दिली. आत चांदीची गोल वस्तू होती आणि तिच्यावर चेहरा होता. मामीची खात्री झाली की जो टाक आपण भीतीपोटी बसवला नव्हता, तो आपणहून चालत आला आहे. तिने पदक त्याच दिवशी देवघरात बसवले. आईने विरोध केला नाही. त्या वर्षी कावळा शिवला.

यानंतर आईने प्रसूतिगृहातल्या एका कंपाउंडरशी लग्न केले. मी तीन वर्षांची असताना माझे वडील वारले आणि आई मला घेऊन पुन्हा भावाच्या घरी राहायला आली. माझी आठवण तेथून सुरू होते.

आई मेलेली आहे हे मला गल्लीने शिकवले. बायका तिला बाळंतपणासाठी आवर्जून बोलावत. तिच्या हातचे मूल दगावत नाही, कारण यमाने तिचे नाव एकदा खोडलेले आहे आणि त्या दारी तो पुन्हा येत नाही, असे त्या म्हणत. पण बारशाच्या दिवशी, ज्या हातांनी ते मूल जगात आणले त्या हातांत कोणी ते देत नसे. आई घरी परतली की तिच्या पायांवर पाणी घालून मगच मामी तिला आत घेई. घरात तिच्याशी कोणी भांडत नसे. मामी मोलकरणीशी भांडे, दूधवाल्याशी भांडे, मामाजींशी तर रोज भांडे. आईशी मात्र ती अत्यंत गोड बोले. लहानपणी मला तो आदर वाटे. पुढे कळले की मेलेल्यांशी सगळेच असे बोलतात.

आणि दरवर्षी भाद्रपदातल्या अष्टमीला आई पहाटे उठून स्वयंपाक करी. भात, कढी, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी. स्वतःच्या श्राद्धाचे ते जेवण ती चवीने आणि नेटकेपणाने करी. मग पदर खोचून ती दाराआड उभी राही आणि आपल्या पानाकडे कावळा येतो का ते पाही.

सहावीत असताना आम्हाला भूगोलाच्या बाईंनी नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा कसा उठतो ते दाखवले. मला त्या रीतीचे वेड लागले. अष्टमीच्या आदल्या दिवशी मामी चिंच आणि राखेने टाक घाशी आणि पाटावर उन्हात वाळत ठेवी. त्या वेळी मला पदकाचा एक ठसा घेऊ द्यावा, अशी मी परवानगी मिळवली. खाली वर्ष लिहून मी तो वहीत चिकटवी. तीन वर्षांचे तीन ठसे झाले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. रोजच्या स्नानाने आणि दर सणाच्या घासण्याने राजाचा चेहरा झिजत होता. केसांच्या रेषा आधी गेल्या. मग कपाळाची उंची कमी झाली. गालाचे हाड बुजले आणि हनुवटी गोल झाली. झिजलेल्या वस्तूवर काहीच उरू नये, हे साहजिक आहे. इथे मात्र काहीतरी उरत होते, आणि ते पुरुषाचे नव्हते. मी वही मिटली आणि त्या वर्षी कोणालाही दाखवली नाही.

मी नववीत होते तेव्हा, पासष्टच्या भाद्रपदात, पुन्हा लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायचा हुकूम निघाला. मामाजींनी तो एवढ्या काळजीने चिकटवला की भर दुपारीही आमच्या खोलीत दिवेलागणीसारखा अंधार राहू लागला. देवघरातले टाक तेवढे चकाकत. शाळेत शौर्याविषयी कार्यक्रम ठरला. ज्यांच्या घरी कोणी लढाईत पराक्रम केला असेल त्यांनी सांगावे, असे मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मी हात वर केला. मागच्या बाकावर आमच्याच गल्लीतली एक मुलगी होती. ती मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "इच्या मायले आणाचं तं पिंड घेऊनच आणा लागते." दोघीतिघी हसल्या.

त्या हसण्यामुळे मी ठरवले की आईला व्यासपीठावर उभी करायची, पदकासकट. पाचशे मुलींसमोर ती बोलेल, पाणी पिईल, लोक टाळ्या वाजवतील, आणि मग तिला मेलेली म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही. अष्टमीनंतर दोन दिवसांनी कार्यक्रम होता. आईला मी विचारले, तेव्हा ती येईन म्हणाली. पदकाविषयी मात्र मी घरात कोणालाच विचारले नाही. पितृपक्षात देवघरातला टाक उचलू देणारी माझी मामी नव्हती.

अष्टमीच्या आदल्या सकाळी, ठसा घेऊन झाल्यावर, मी पदक दप्तरात टाकले. मामीची नजर अधू झाली होती. सात टाक जागेवर गेले तेव्हा आठव्या जागी मी एक मोठे जास्वंदीचे फूल पालथे ठेवले.

शाळेत विज्ञानाच्या बाईंनी मला भिंग दिले. मला पदकाची कडा पाहायची होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले होते की अशा पदकांच्या कडेवर नाव कोरलेले असते, ते फळ्यावर लिहायला उतरवून आण. वर्षानुवर्षांचे गंध आणि चिंचेचा काळा गाळ त्या कडेत भरला होता. मी टाचणीने तो अक्षर अक्षर मोकळा केला. मग कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळून पेन्सिल घासली आणि पट्टी सरळ केली. हुद्दा आईचाच होता, नर्सचा. नाव आईचे नव्हते.

मी पट्टी पुन्हा घासली, दुसऱ्या कागदावर. तेच नाव उठले. ते एका बाईचे नाव होते आणि मी ते आयुष्यात कधी ऐकलेले नव्हते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

संध्याकाळी पदक जागेवर ठेवण्याचा माझा विचार होता. पण आता ते कोणाचे आहे हेच मला कळेना, मग त्याची जागा कोणती हे कसे कळणार? आईने दुसऱ्याचे पदक वीस वर्षे आपले म्हणून पुजू दिले, असा एकच अर्थ मला लागत होता. आईकडे मला पाहवेना. दप्तर खुंटीवर तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. मामाजींनी आंघोळ करून पान वाढले आणि मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवले. शेजारच्या कडुनिंबावर कावळे होते. एक खाली उतरला, भिंतीवर बसला, पानाकडे मान वाकडी करून पाहिले आणि तसाच बसून राहिला. बाकीचे झाडावर गप्प होते. कावळे गप्प बसले की अंगण किती रिकामे वाटते, हे मी त्या दिवशी शिकले.

बारा वाजले. एक वाजला. कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाची कोणती इच्छा अडली आहे ते शोधावे लागते. घरातला कर्ता एकेक इच्छा मोठ्याने बोलून ती पुरी करण्याचे वचन देतो. बरोबर इच्छा सापडली की कावळा शिवतो. मामाजी हात जोडून पानापुढे उभे राहिले.

"तुह्या पोरीले शिकवीन," ते म्हणाले. "मॅट्रिक करीन. मग पुढंही शिकवीन."

कावळा हलला नाही.

"तुह्या नोकरीले मी कधी आडकाठी केली असंन, तं माफ कर."

"केली नाही, दादा," दाराआडून आई म्हणाली.

मामी तिच्याकडे वळली आणि अगदी हलक्या आवाजात, नेहमीच्या गोडव्याने म्हणाली, "बाई, तुमी नका ना बोलू. तुमच्याच पानाचं चालू हाय."

इतर कोणत्याही दिवशी मला हसू आले असते. मामाजी पुढे बोलत राहिले. लहानपणीची एक बाहुली त्यांना आठवली, एक मोडलेला झोपाळा आठवला, पहिल्या नवऱ्याच्या घरी पाठवायला नको होते हे आठवले. त्यांचा आवाज फाटायला लागला. मला दप्तर दिसत होते. देवघरातले जास्वंदीचे फूल कोमेजून बाजूला कलले होते आणि आठवी जागा उघडी पडली होती. श्राद्धाच्या दिवशी टाकांचे स्नान कावळा शिवल्यावरच होई, म्हणून ती मामीला अजून दिसली नव्हती. मी दप्तरातून पदक काढले, मुठीत धरले आणि अंगणात आले. मला वाटते आईने ते माझ्या चालण्यावरूनच ओळखले. तिने आधी माझ्या मुठीकडे पाहिले आणि मग चेहऱ्याकडे.

"कडा वाचलीस?" तिने विचारले.

मी मान हलवली.

आई दाराबाहेर आली. वीस वर्षांत प्रथमच ती आपल्या पानाजवळ गेली. मामाजी मागे सरले. ती आम्हा तिघांना सांगू लागली, पण तोंड पानाकडे ठेवून.

त्या दोघी होत्या. बरोबर शिकलेल्या, रंगूनला बरोबर गेलेल्या. दुसरी अनाथाश्रमात वाढली होती, तिला कोणीही नव्हते. नोकरीच्या कागदावर जवळच्या नातलगाचे नाव लिहावे लागते, तिथे तिने आईला बहीण म्हणून लिहिले होते आणि पत्ता आमच्या घराचा दिला होता. माघारीत त्यांच्याकडे चौदा आजारी माणसे होती. एका नदीला पूर आला. अकरा जण दोराला धरून कसेबसे जाऊ शकत होते, तिघांना उठताही येत नव्हते. त्यांना टाकून दोघींनी जाणे शक्य नव्हते. ती आईला म्हणाली की तुझी वाट पाहणारे कोणी आहे. ती त्या तिघांजवळ थांबली. आईने लुगडी आणि पट्ट्या पिळून दोर केला, अकरा माणसे पलीकडे नेली आणि पुढे पावसात, जळवांत, महिनाभर चालवत आणली. अकराही पोहोचली. नदीकाठच्या चौघांचे काय झाले हे तिला ठाऊक नव्हते. ते तिला आमच्या दारात कळले. तुझी तार आली होती, तुला जाळले, असे मामीने सांगितले, तेव्हा.

"तार तं तुह्या नावाची होती," मामाजी म्हणाले.

"तुम्ही नाव कुठे विचारलं, दादा?"

ते खाली बसले. तिथूनच त्यांनी विचारले, "मंग मी जाळलं कोनाले वं?"

"तिलाच. भटजींनी माझं नाव घेतलं. पण छातीवर तार होती ना? त्या तारेत तिचंच नाव होतं."

मग तिने तुपाच्या भांड्यात का बसायचे नाकारले ते सांगितले. तो विधी केला असता तर आधीचे क्रियाकर्म रद्द झाले असते. तिच्या मैत्रिणीला अग्नी देणारे, पाणी देणारे जगात दुसरे कोणी नव्हते. चुकून का होईना, एक भाऊ तिला मिळाला होता. तो काढून घ्यायला आई तयार नव्हती. मेलेली म्हणून राहण्यात तिला फारशी अडचण वाटली नाही, असे ती म्हणाली. ते खरे नसावे. पण तिने ते सरळ आवाजात सांगितले.

"तिची इच्छा मला माहीत आहे," आई म्हणाली. "पेटी आली त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही पान मोडाल असं वाटलं." मग ती भिंतीपर्यंत गेली आणि तिने ते नाव घेतले. मोठ्याने, पूर्ण, शाळेत हजेरी घेतात तसे. त्याच वेळी मी माझी मूठ उघडली आणि पदक पानाशेजारी ठेवले.

कावळ्याने एक उडी मारली आणि वडा उचलला. झाडावरचे बाकीचे एकदम खाली आले.

पुढे मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मी प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला सांगत असे. त्या दुपारी दोन गोष्टी एकाच क्षणी बदलल्या, म्हणून कावळा कशाने आला ते मला सांगता येत नाही. त्या घाईबद्दल मी स्वतःला अजून दोष देते. तो नावाने आला असेल तर ते वापरून झिजू नये, म्हणून ते नाव त्या भिंतीपाशीच, वर्षातून एकदाच घेतले जाते. दुसरीकडे कुठेही ते घेतलेले मला चालणार नाही.

कार्यक्रमाला आई आली. पदक तिने हातात धरले आणि ते आपल्या मैत्रिणीचे आहे हे, नाव न घेता, आधी सांगितले. मग नदीचे सांगितले. स्वतःविषयी ती एवढेच बोलली की मी चालत आले. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाला वाजवाव्याशा वाटल्या नसाव्यात. मागच्या बाकावरची ती मुलगी शाळा सुटल्यावर आली, तिने आईच्या दंडाला एक बोट लावून पाहिले आणि निघून गेली.

घरी दुसऱ्या दिवशी मामीने आईला कढीत मीठ जास्त झाल्याबद्दल झाडले. आईनेही उत्तर दिले. दोघी तासभर भांडल्या. मामाजी ओसरीवर बसून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

पदक आठव्या जागी राहिले. मी दरवर्षी ठसा घेत राहिले. ऐंशी सालानंतर आई आजारी पडली तेव्हा एका दुपारी तिने ती वही मागितली. पाने उलटताना तिने चष्मा दोनदा पुसला. सुरुवातीच्या पानांवर राजा होता. मधल्या पानांवर कोणीच नव्हते. मग अलीकडच्या एका ठशावर तिने बोट ठेवले आणि ते तिथून उचलले नाही.

"हनुवटी अशीच होती," ती म्हणाली. "आता घासू नका."

त्या दिवसापासून मामीने पदक घासणे सोडले. ते आता काळे पडले आहे. त्याच वर्षी आई गेली, घरात, आपल्या खाटेवर, सकाळी नऊ वाजता. यावेळी देह होता, दाखला होता, आणि नावाबद्दल शंका नव्हती. मामाजी सत्तरीच्या पुढचे होते, तरी अग्नी त्यांनीच दिला.

तेव्हापासून अष्टमीला भिंतीवर दोन पाने असतात. पहिल्यापुढे मी ते नाव घेते आणि कावळा लगेच शिवतो. दुसऱ्या पानाला तो शिवत नाही. मी नियमाप्रमाणे एका वर्षी एकच गोष्ट बदलून पाहिली आहे. एका वर्षी पानाची जागा बदलली. एका वर्षी भोपळ्याऐवजी तिच्या आवडीचे भिवापुरी मिरचीचे वरण ठेवले. एका वर्षी नदीकाठच्या त्या तिघांसाठी वेगळे पाणी सोडले. एका वर्षी मी तिची क्षमा मागितली, कारण एक रात्रभर मी तिला खोटी समजले होते. मी वहीत वर्ष लिहिते आणि पुढची जागा कोरी ठेवते. दुसरे पान तिसऱ्या प्रहरी गाईला घालतात.

गेल्या भाद्रपदात मी मामाजींना म्हटले की आईची कोणती इच्छा राहिली ते मला सापडत नाही, आणि याची मला भीती वाटते. त्यांना आता फारसे दिसत नाही. ते ओसरीवर, दाराकडे तोंड करून बसलेले होते. दाराची कडी त्यांनी दिवसभर काढून ठेवायला लावली होती आणि उंबऱ्याबाहेर गडू भरून ठेवलेला होता.

"भेऊ नको वं," ते म्हणाले. "मांगच्या टायमाले चार महिने लागले होते तिले. अजून चालून राहिली असंन."